तेरशीचं पाणी

घड्याळ न्या, पंचशीलाताई. सासूबाईंना घेऊन त्या नव्या बोटीने गोव्याला जायचं म्हणताय ना, मग बाकी काय विसरलात तरी चालेल, पण घड्याळ न्या आणि त्याचंच ऐका. हसताय काय? मी थट्टा करत नाहीये. बसा या पायरीवर. तुमची कोळंबी सोलून होईस्तोवर सगळं सांगते, मग म्हणू नका कार्मिनने आधी सांगितलं नाही.

आमचं घर उत्तनला, दर्याला लागूनच. माझा बाप ऑगस्टीन. सगळा गाव त्याला तांडेल म्हणतो. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. तो म्हणेल तिकडे होडी वळायची. आता गुडघे गेलेत, हात थरथरतात, दोन पावलं चालला की दम लागतो. पण हुकूम अजून तांडेलाचाच. घरात भात किती शिजवायचा तेसुद्धा तोच सांगतो.

त्याच्या मनात वर्षानुवर्षं एकच गोष्ट. जुन्या गोव्याला सान फ्रान्सिस झेवियरचं शरीर ठेवलंय, ते दर दहा वर्षांनी लोकांना दर्शनाला खाली काढतात. बाबा त्याला कधीकाळी नवस बोलला होता, दर्यातून येईन म्हणून. बसने नाही, मोटारीने नाही, दर्यातूनच. मी लहान होते तेव्हाची गोष्ट, एवढंच मला ठाऊक. मला वाटायचं, वादळात सापडला असेल आणि बोलून बसला असेल. होडीवाले बोलतात असं, आणि किनारा लागला की विसरतात. हा विसरला नाही. पण एका खेपेला आई गेली, पुढच्या खेपेला होडी खडकावर फुटली, त्याच्या पुढच्या खेपेला धाकट्या रेनॉल्डचं लग्न निघालं. आणि नंतर तर गोव्याची जुनी बोटच बंद पडली. ती बातमी आली त्या दिवशी बाबा जेवला नाही. मी मटण केलं होतं, तरी जेवला नाही.

आणि गेल्या साली ही नवी बोट निघाली, ऐन दर्शनाच्या वर्षी! मी त्याच दिवशी ठरवलं, आता काय वाट्टेल ते होवो, याला न्यायचाच. पुढची दहा वर्षं कोणी बघितलीत? तेव्हा हा माणूस असेल का, असला तर दारातून उठेल का?

रेनॉल्ड तुमच्या जवळच राहतो, पूनम सागरला. ऑफिसात नोकरी, लिफ्टवाली बिल्डिंग, त्यामुळे अक्कल जरा जास्त आहे. म्हणाला, "कार्मिन, बसने ने ना त्यांना. देव काय तिकीट तपासायला बसलाय?" मी म्हटलं, "रेनॉल्ड, बोललेला नवस दर्याचा आहे, हायवेचा नाही. मी नेणार म्हणजे नेणार. तू फक्त तिकीट काढ, आणि जास्त बोललास तर उद्यापासून तुला बोंबील मिळणार नाहीत." तिकिटं आणली त्याने. दोन. तेवढीच मिळाली, कारण सगळं जग त्याच महिन्यात गोव्याला निघालं होतं. तुम्ही पण आजच्या आज काढा, ताई. उद्या जाऊ, परवा जाऊ करत बसू नका.

आता ऐका घोडं कुठे अडलं ते. तिकिटावर लिहिलं होतं, बोट सकाळी सातला सुटणार, तासभर आधी धक्क्यावर हजर राहा. रेनॉल्डने ते दोनदा वाचून दाखवलं. म्हणाला, आदल्या दिवशी माझ्याकडे झोपायला या, इथून पहाटे गाडी करून जाऊ. बाबाने कागद हातात घेतला, उलटा धरला, आणि विचारलं, "तिथी कंची हाय त्या दिशी?"

तेरस होती.

तुम्ही मराठवाड्याच्या, तुम्हाला हे हिशेब ठाऊक नसणार. आमच्या उत्तनला लहान पोर पण करतं. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, म्हणजे भरतीची वेळ येते. आमचा देव क्रूसावरचा, पण तिथी आम्ही पंचांगातली धरतो, कारण पाणी काय चर्चला विचारून येत नाही. तेरशीला, म्हणजे तेराव्या तिथीला, पाणी भरतं पावणेदहाला. आणि पाणी भरल्याशिवाय आमच्याकडे होडी गाळातून हलत नाही. खुद्द बिशप बसले असले तरी हलत नाही.

बाबा म्हणाला, "सातला पानी कुठं हाय? एवढा मोठा जहाज, त्याला तर जास्तच पानी पायजे. नवाच्या आदी ता हलाचा न्हाय. सातचा टाइम ता शेहेरातल्या लोकांना, ती लोकं उशिरा येतात म्हणून लिवलाय."

आणि ताई, मला ते पटलं. मलाच काय, शेजारच्या लवूला पटलं, पलीकडच्या वासंतीला पटलं, पूर्ण आळीला पटलं. सगळे म्हणाले, तांडेल बरोबर बोलतो. रेनॉल्ड तेवढा फोनवर ओरडत होता, तर बाबा म्हणाला, लिफ्टमध्ये राहून याची अक्कल वरखाली होते.

जायच्या दिवशी पहाटे गाडी दारात. रेनॉल्डनेच पाठवलेली, ड्रायव्हर नया नगरचा, जीवन नावाचा. बिचारा पोहोचला तेव्हा कोंबडा पण आरवला नव्हता. बाबा म्हणाला, एवढ्या लांब सान फ्रान्सिस सायबाकडे चाललोय, मिसा ऐकल्याशिवाय कसं निघायचं? गेलो चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेला. मग घरी येऊन चहा. मग त्याला नवा शर्ट आवडेना. जीवन बाहेर हॉर्न मारून मारून थकला. आत येऊन म्हणाला, "काकी, उशीर होतोय हो. घाटकोपरला ट्रॅफिक लागलं तर बोट जाईल."

बाबाने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू जमिनीवरचा मानूस. तू तुजी गाडी बघ. जहाजाचा मना नको सांगू."

जीवनने जाऊन गाडी चालू केली. मी मागच्या सीटवर सुक्या बोंबलांची पिशवी मांडीवर घेऊन ऐटीत बसले. गोव्यात ज्यांच्याकडे उतरायचं त्यांना द्यायचे होते. ते पण सांगते, वासाची वस्तू नेऊ नका. त्या बंद बोटीत वारा नसतो, सगळे नाक धरून तुमच्याकडे बघतात.

आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. भाऊच्या धक्क्याकडचा तो सगळा भाग मला पाठ आहे, मासळी घेऊन किती वेळा आलेय. पण ही बोट मासळीच्या बाजूने सुटत नाही, तिचं गेट वेगळं. हे आधी विचारून ठेवा, नाहीतर सामान घेऊन फिरत बसाल. आम्ही ते गेट शोधलं, बाबाला दोन्ही बाजूंनी धरून आत नेलं. समोर बघतो तर काय? पाणी. नुसतं पाणी. बोट नाही.

वॉचमनला विचारलं. तो हिंदीत म्हणाला, "कौनसी बोट, मौसी? वो तो सात बजे निकल गयी. अभी तो आधा रास्ता गयी होगी."

मी बाबाकडे बघितलं. तो पाण्याकडे बघत होता. धक्क्याच्या दगडावर भरतीची हिरवी रेघ असते ना, पाणी अजून तिच्या कितीतरी खाली होतं. तो त्या रेघेकडे बोट दाखवत वॉचमनला म्हणाला, "पन पानी अजून भरला न्हाय."

वॉचमनला काय कळणार? तो म्हणाला, ही बोट दोन पायांवर पाण्याच्या वरच्या वर पळते, आणि धक्क्याला पाणी बारा महिने खोल असतं, भरती असो की ओहोटी. बाबाने ते ऐकलं. खाली बसला, तिथेच, दगडावर, नव्या पँटीसकट. सगळा जन्म ज्याच्या शब्दावर होड्या सुटल्या, त्याला एका वॉचमनने पाणी शिकवलं. मला रडायला आलं आणि राग पण असा आला, की विचारू नका. कोणावर काढू? जीवन मागे उभा होता, तो मेला चकार शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, त्याच्यावर तरी ओरडले असते.

बाबा म्हणाला, "चल घरी. त्यालाच मी नको. दर दहा वर्सांनी तोच कायतरी करते."

"त्याने नाही केलं," मी म्हटलं, "आपण केलं. तू उठू नकोस इथून. मी बघते."

तिकिटाच्या काउंटरवर एक पोरगी होती, उर्मिला नाव, छातीवर लिहिलेलं. मी तिला म्हटलं, उद्याच्या बोटीत बसव. ती म्हणाली, दर्शन संपेपर्यंत सगळं फुल्ल आहे. मी म्हटलं, उभं राहून जाऊ. म्हणाली, उभं राहून कोणी जात नाही, मावशी, ही काय बस आहे? मी म्हटलं, मग खाली बसून जाऊ. ती वैतागली. मागची लाइन ओरडायला लागली. मी हललेच नाही. मी भाईंदरच्या बाजारात जागेसाठी भांडलेली बाई, मला लाइनचं काय भ्यायचंय? पण मग मी तिला खरं ते सांगितलं, बाप दाखवला, दगडावर बसलेला. तेरशीचं पण सांगितलं. ती आधी हसली, मग तिचं तोंड उतरलं.

हळूच म्हणाली, "रोज कोणीतरी उशिरा येतंच. गेट बंद झालं की त्याची जागा रिकामी. तुम्ही उद्या पहाटे सगळ्यांच्या आधी इथे उभ्या राहा. प्रॉमिस नाही करत, पण मी तुम्हाला आधी बोलावेन."

एवढं मला पुरे होतं. जीवनला परत पाठवलं. माझगावला माझी मावसबहीण व्हॅलेरी राहते, तिथून धक्का अगदी जवळ. बाबाला टॅक्सीत घातलं आणि तिच्या दारात उभी राहिले. ती बिचारी केक करत होती नाताळचा. म्हटलं, "व्हॅलेरी, आजची रात्र आम्ही इथे, आणि पहाटे तू पण आमच्याबरोबर ऊठ." बाबा जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून पडला.

दुसऱ्या दिवशी गेट उघडायच्या आधी आम्ही तिघं हजर. बाबाने पाण्याकडे बघितलं पण नाही. लोक यायला लागले, सामान, पोरं, डब्यांचे वास, एका नव्या नवरीच्या हातावरची मेंदी अजून ओली वाटावी अशी. सगळे आत जातायत, आम्ही बाजूला उभे. मी उर्मिलाच्या तोंडाकडे बघतेय, ती नावांवर खुणा करतेय. मी मनात म्हणत होते, कोणीतरी उशिरा ये रे बाबा, कोणाची तरी गाडी बंद पडू दे. देवाकडे जायला निघालेली बाई काय मागत होती बघा! पण मागितलं मी. खोटं कशाला बोलू?

गेटवाला साखळी लावायला आला. उर्मिलाने मान वर केली. "मावशी, एक जागा आहे. एकच. कोण येतंय? लवकर!"

मी एका क्षणात बाबाला पुढे ढकललं. म्हटलं, "जा. आत कोणालाही सांगते, तुला धरून उतरवतील. तिकडे पणजीला रेनॉल्डचा मित्र येईल घ्यायला, व्हॅलेरी फोन करेल. मी संध्याकाळच्या बसने मागून येते. पैसे आतल्या खिशात ठेव. मधल्या खुर्चीत बस. चक्कर आली तर..."

"मी न्हाय," बाबा म्हणाला. "तू जा."

"बाबा, आता नाटकं नकोत!"

"नवस तुजा हाय," तो म्हणाला.

मला कळेचना. गेटवाला साखळी हातात धरून उभा. बाबाने माझं मनगट पकडलं. पकड अजून तांडेलाची.

"तू चार वर्सांची होतीस. घशाचा आजार झालेला. श्वास घेवाला जमत नव्हता. डॉक्टर म्हनाला, नेवा घरी. मी तुला घेऊन होडीत बसलो, तुजी आई रडत होती. दर्यावर वारा होता, तुला जरा श्वास आला. तवा मी बोललो, सायबा, पोर वाचव, मी तिला दर्यातून तुज्या पायाशी धाडीन. मी येईन असा न्हाय बोललो. तिला धाडीन, असा बोललो. मी गेलो काय न् ऱ्हायलो काय."

ताई, माझ्या डोक्यात कोणी घण घातल्यासारखं झालं. मी तिथे, त्या गेटवर, सगळ्यांसमोर ओरडले. "आणि एवढी वर्षं तोंड शिवून बसलास? मला सांगायला काय झालं होतं? मी कधीच गेले असते! पोहत गेले असते!"

"सांगितला असता तर तू भ्याली असतीस," बाबा म्हणाला. "न फेडलेला नवस पोरीवर येते म्हनतात. आपुन एकटाच भ्यावा, तेवढा पुरे, असा वाटला मना."

व्हॅलेरीने तोंडाला पदर लावला. उर्मिला म्हणाली, "मावशी, प्लीज." मी बाबाला व्हॅलेरीच्या हाती दिलं. मग काय झालं मला नीट आठवत नाही. फळीवर पाय ठेवायच्या आधी मी चपला काढल्या एवढं आठवतं. आमच्यात होडीवर चपला घालून कोणी चढत नाही, होडी आमची आईच. तो युनिफॉर्मवाला म्हणाला, "मॅडम, चप्पल पहनिये, फिसल जाओगी." मी म्हटलं, "तू गप रे." चपला काखेत धरल्या, बोटीला हात लावून कपाळाला लावला आणि चढले.

मागे वळून बघितलं तर बाबा उभा होता. व्हॅलेरीला धरून नाही, स्वतःच्या पायांवर. ओरडून काय म्हणाला माहितेय? "मधी बस! काचेकडं बगू नको!" मी मगाशी त्याला सांगत होते तेच. दर्यावर जन्मलेली बाई, आणि मला ओकारी झाली हो! रत्नागिरीच्या आसपास कुठेतरी. बंद काचा, एसी, वर टीव्हीवर सिनेमा. म्हणून सांगते, सकाळी पोटभर नाश्ता करून चढू नका. लिंबू जवळ ठेवा. तुमच्या सासूबाईंना मधल्या रांगेत बसवा, पुढे नको, पुढे जास्त आपटते.

जुन्या गोव्याला लाइन एवढी, की एक टोक दिसेना. मी अनवाणीच उभी राहिले. पायाशी पोहोचले तेव्हा मागायला काही सुचेना. बाबाचं नाव सांगितलं आणि म्हटलं, त्याने धाडलंय मला. आता त्याला सोडव. मागच्याने ढकललं, मी पुढे झाले. तेवढंच दर्शन.

परत बसनेच आले. येतानाही दर्यातूनच असं बाबा काही बोलला नव्हता, विचारून घेतलं होतं मी.

पुढच्या महिन्यात मला ताप भरला. चांगला सणसणीत, अंगावर दोन गोधड्या. आता मला ताप आला की बाबाचं काय असायचं, ते ऐका. लहानपणापासून, लग्न झालं तरी, नवरा गेल्यावर मी परत माहेरी आले तरी, मला जरा कणकण आली की हा माणूस होडी सोडून उशाशी येऊन बसायचा. बोलायचा काही नाही. नुसता माझ्या छातीकडे बघत बसायचा, श्वास वरखाली होतोय का. मला वाटायचं सगळ्यांचे बाप असेच करतात. आई त्याला हाका मारून थकायची, जेवायला उठायचा नाही.

या वेळी दुपार झाली तरी उशाशी कोणी नाही. मी वासंतीला म्हटलं, "बाबा कुठे?" ती म्हणाली, "मागच्या अंगणात लवूबरोबर पत्ते खेळतोय. जिंकतोय पण."

मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं, रडायला आलं आणि डोकं पण फिरलं. मी पडल्या पडल्या खिडकीतून ओरडले, "बाबा! मला ताप आलाय!"

पत्त्यांतून मान वर न करता बाबा म्हणाला, "मंग गोळी घे."